संगणकाची पदवी : नावे अनेक, वाटा वेगळ्या

बारावीचा निकाल लागला की आपल्या मंडळाच्या कार्यालयात पालकांची ये-जा सुरू होते. हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स, सोबत मुलगा किंवा मुलगी, आणि प्रश्न बहुतेक एकच : "हिला कॉम्प्युटरला घालायचे आहे, कोठे घालू?" प्रश्न ऐकून आम्हांला आनंदच होतो. परंतु ‘कॉम्प्युटरला घालणे’ ही एक गोष्ट नाही. निदान सात-आठ गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीचा काळ, खर्च, प्रवेशाची रीत व पुढची वाट निराळी आहे. दरवर्षी तोंडी सांगतो तेच या वेळी स्मरणिकेच्या निमित्ताने सविस्तर लिहून ठेवीत आहोत.

लिहिण्याची निकड वाटण्यास एक घटना कारण झाली. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एका कुटुंबाने पतपेढीचे कर्ज काढून मुलाला एका संस्थेत दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंग डिप्लोमा’ला घातले. पाटी मोठी, वर्ग वातानुकूलित, शुल्क दरमहा. मुलगा हुशार, तीन वर्षे नियमित गेला. पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायला गेला, तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाने प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "हे कोणत्या मंडळाचे?" मंडळ कोणतेच नव्हते. संस्थेने स्वतःच परीक्षा घेतली होती आणि स्वतःच प्रमाणपत्र छापले होते. मुलाला अकरावीपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. त्या कुटुंबाने आम्हांला आधी विचारले असते तर, असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. कारण त्या वेळी आम्हांलाही हे नीट ठाऊक नव्हते.

म्हणून आधी पदवी म्हणजे काय ते पाहू. पदवी फक्त विद्यापीठ देते. महाविद्यालय तिच्यासाठी शिकवते. अभियांत्रिकी, एम.सी.ए. आणि २०२४-२५ पासून बी.सी.ए. या अभ्यासक्रमांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यताही लागते. दहावीनंतरच्या अभियांत्रिकी पदविकेमागे महाराष्ट्रात राज्य तंत्रशिक्षण मंडळ असते. काही महाविद्यालये स्वायत्त असतात, ती स्वतः परीक्षा घेतात, तरी पदवी विद्यापीठाचीच असते. खासगी क्लासचे प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. २००१ पासून गावोगावी पोचलेला एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम उपयोगाचा आहे, सरकारी नोकरीत तो मागितलाही जातो, पण ती संगणकाची साक्षरता झाली. "माझ्या मुलाने कॉम्प्युटर केले आहे" असे सांगणारे पालक पुष्कळदा याचाच उल्लेख करीत असतात.

तपासणे अवघड नाही. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न महाविद्यालये असतात. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. संस्थेच्या माहितीपुस्तिकेवर विश्वास ठेवू नये, या याद्यांत नाव शोधावे. पत्राद्वारे किंवा दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीची पदवी देतो असे कोणी म्हटले तर तेथून सरळ निघून यावे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिमत विद्यापीठांनी अशा रीतीने दिलेल्या पदव्यांचा निकाल लावला आहे. बी.सी.ए. व एम.सी.ए. मात्र दूरस्थ पद्धतीने रीतसर करता येतात. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात ते आहेत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या आमच्या दोन सभासदांनी तेथूनच पदवी घेतली.

आता मूळ विषयाकडे येऊ. संगणकशास्त्रात शिकवतात तरी काय? पालकांची समजूत अशी की संगणक चालवायला शिकवतात. तसे असते तर सहा महिने पुरले असते. खरे तर हा विषय संगणक नावाच्या पेटीचा नाहीच, तो हिशेबाच्या व विचाराच्या पद्धतीचा आहे. आपल्या मंडळाच्याच उदाहरणाने सांगतो.

समजा, आपल्या सभासद नोंदवहीत एक हजार नावे आहेत आणि ती जशी आली तशी लिहिली आहेत. एक नाव शोधायचे तर पहिल्यापासून पाहत जावे लागेल. नशीब वाईट असेल तर हजारही नोंदी पाहाव्या लागतील. आता तीच नावे अकारविल्हे लावली. वही मध्यावर उघडा. हवे ते नाव त्याच्या आधी येते की नंतर, एवढे पाहा. अर्धी वही बाद झाली. उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य पाहा. असे केले तर हजार नावांत फार तर दहा वेळा पाहावे लागते. एक लाख नावे असतील तर सतरा वेळा, दहा लाख असतील तर वीस वेळा. नावे हजारपट झाली, कष्ट मात्र दुप्पटच झाले. हे संगणकाच्या वेगामुळे झाले नाही, पद्धतीमुळे झाले. या पद्धतीला अल्गोरिदम म्हणतात. माहिती कशी मांडून ठेवावी म्हणजे ती अशी चटकन सापडेल, या विषयाला डेटा स्ट्रक्चर म्हणतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षात हे दोन विषय कच्चे राहिले तर पुढचे सर्व कच्चे राहते. आमच्यापैकी एक जण पुण्यातील एका कंपनीत नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेतो. तो सांगतो की पंधरा-पंधरा भाषांची नावे अर्जात लिहिणारा मुलगा या वहीच्या प्रश्नावर अडखळतो, तेव्हा त्याला वाईट वाटते.

दुसरे उदाहरण रेल्वेच्या आरक्षणाचे. नागपूरच्या खिडकीवर व कल्याणच्या खिडकीवर एकाच क्षणी दोघांनी एकाच गाडीचे तेच शेवटचे बर्थ मागितले, तर ते दोघांनाही का मिळत नाही? एकाचा व्यवहार पुरा होईपर्यंत दुसऱ्याला थांबवून ठेवण्याची, आणि मधेच वीज गेली तर पैसे कापले पण तिकीट नाही असे होऊ न देण्याची व्यवस्था करावी लागते. हा डेटाबेस या विषयाचा भाग. एकाच यंत्रावर वीस कामे चालू असताना कोणाला किती वेळ व किती स्मृती द्यायची हे ठरविणारी कार्यप्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. संदेश तुकड्यातुकड्यांनी जाऊन पलीकडे नीट कसा जुळतो ते नेटवर्क या विषयात येते. या सर्वांच्या मुळाशी गणित आहे : तर्कशास्त्र, संच, आलेख, संभाव्यता, मॅट्रिक्स. गणित चुकवायचे म्हणून संगणकाकडे वळणारे विद्यार्थी दुसऱ्याच सत्रात कपाळाला हात लावतात. हे आम्ही घाबरविण्यासाठी लिहीत नाही. गणितात हुशारच असावे लागते असे नाही, पण त्याच्याशी वैर असून चालत नाही.

विषय तसा तरुण आहे. केंब्रिज विद्यापीठाने १९५३ मध्ये यातील पदविका सुरू केली. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९६२ मध्ये निघाला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशी बनावटीचा टिफ्रॅक संगणक कामाला लागला, आणि १९६३ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.त आय.बी.एम. १६२० हे यंत्र आल्यावर विद्यार्थ्यांना संगणक शिकविणे सुरू झाले. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली व तिने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. म्हणजे ज्या विषयाला आज सर्वाधिक रांग लागते, तो आपल्या आजोबांच्या तरुणपणी शिकवलाच जात नव्हता. या क्षेत्रात कोणाचीच वंशपरंपरागत मिरासदारी नाही, ती यामुळेच.

माहिती तंत्रज्ञान म्हणजे आय.टी. हे यापासून किती वेगळे? संगणकशास्त्राचा रोख नवीन साधन कसे घडवावे याकडे, तर आय.टी.चा रोख असलेली साधने संस्थेच्या कामाला कशी जोडावीत, चालवावीत व सुरक्षित ठेवावीत याकडे असतो. सर्व्हर, नेटवर्क, वेबसाइट, सुरक्षा यांवर त्यात भर अधिक. पण अभियांत्रिकीत ‘कॉम्प्युटर’ व ‘आय.टी.’ या दोन शाखांचे बहुतेक विषय सारखे असतात, आणि नोकरी देणारा त्यांत फारसा भेद करीत नाही. ‘कॉम्प्युटरच हवे, आय.टी. नको’ म्हणून चांगले सरकारी महाविद्यालय सोडून दूरच्या महागड्या महाविद्यालयात जाणे आम्हांला शहाणपणाचे वाटत नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सायबर सुरक्षा अशा नावांच्या शाखा पुष्कळ निघाल्या आहेत. नाव पाहून भुलू नये. चारही वर्षांचा अभ्यासक्रम काढून पाहावा. मूळचे पाच-सहा विषय त्यात पुरते असतील तर शाखा ठीक, ते गाळून केवळ नव्या नावांची भरती असेल तर विचार करावा.

आता वाटा. पहिली अभियांत्रिकीची, म्हणजे बी.ई. किंवा बी.टेक., चार वर्षांची. बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र व गणित आवश्यक, राखीव प्रवर्गास किमान ४० टक्के. महाराष्ट्रातील प्रवेश एम.एच.टी.-सी.ई.टी. या परीक्षेवर. तीत गणिताला १०० गुण, भौतिक व रसायनाला प्रत्येकी ५०, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. पुण्याचे सी.ओ.ई.पी., माटुंग्याचे व्ही.जे.टी.आय., कराड, अमरावती व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये, नांदेडची एस.जी.जी.एस. संस्था, लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ ही नावे पसंतीक्रम भरताना खासगी महाविद्यालयांच्या आधी डोळ्यांसमोर ठेवावीत. नागपूरचे व्ही.एन.आय.टी. व पुणे-नागपूरच्या आय.आय.आय.टी. यांसाठी जे.ई.ई. मेन लागते, पवईच्या आय.आय.टी.साठी त्यापुढची जे.ई.ई. अॅडव्हान्स्ड.

दुसरी वाट दहावीनंतरची. शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका, प्रवेश दहावीच्या गुणांवर, आणि नंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वर उल्लेख केलेल्या मुलाला खरे तर हीच वाट हवी होती. ज्या घरात लवकर मिळवते होण्याची गरज आहे तेथे ही वाट आम्ही आग्रहाने सुचवितो, कारण मध्येच थांबावे लागले तरी हातात मान्यतेची पदविका असते.

तिसरी वाट विज्ञान शाखेची. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स व बी.एस्सी. आय.टी. यांत पुणे विद्यापीठाची बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स ही पदवी आमच्या मते फार दुर्लक्षित आहे. संगणकाच्या जोडीला गणित, संख्याशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स, शुल्क अभियांत्रिकीपेक्षा बरेच कमी. मुंबईकडे बी.एस्सी. आय.टी. अधिक परिचित आहे. बारावीला गणित मात्र दोन्हीकडे लागते.

चौथी बी.सी.ए.ची. वाणिज्य व कला शाखेच्या मुलांनाही ती खुली. २०२४ पासून महाराष्ट्रात तिलाही सी.ई.टी. आहे, हे अजून अनेकांना ठाऊक नाही आणि परीक्षेचा अर्ज भरायचा राहून जातो. या पदवीत गणित कमी व प्रोग्रॅमिंग अधिक असते. त्यामुळे पुढे एम.सी.ए. करणे जवळजवळ गरजेचे ठरते. एम.सी.ए. पूर्वी तीन वर्षांची होती, २०२०-२१ पासून ती दोन वर्षांची झाली. गणित घेतलेला बी.ए. किंवा बी.कॉम. पदवीधरही तिला पात्र ठरतो. इतर विषयांत पदवी घेऊन घरी बसलेल्या आपल्या मुलींसाठी ही खिडकी उघडी आहे, हे मुद्दाम नमूद करतो.

पाचवी वाट नवी आहे. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जे.ई.ई. लागत नाही. आधी काही आठवड्यांचा पात्रता अभ्यास व परीक्षा, नंतर प्रवेश. शिकवणी घरी, परीक्षा केंद्रावर जाऊन. राखीव प्रवर्गास व कमी उत्पन्नाच्या घरांना शुल्कात सवलत आहे. अभ्यास कठीण आहे आणि शिस्त स्वतःची स्वतः लावावी लागते. एकट्याने घरी बसून करण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून करावा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता तीन वर्षांची पदवी चौथ्या वर्षी ऑनर्सपर्यंत नेता येते. मध्येच सोडल्यास एक वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका मिळते. दुसऱ्या वर्षी सोडण्याची मुभा ही सोय आहे, पण आपल्या घरांत ती गळतीचे गोंडस नाव होऊ नये, अशी आम्हांला धास्ती आहे.

भाषेचा प्रश्न मराठी माध्यमाच्या मुलांना पहिल्या सत्रात फार छळतो. २०२१-२२ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी मिळाली व पिंपरी-चिंचवडमधील एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरूही झाली. तरीही या विषयाची पुस्तके, साधने व नोकरीतला पत्रव्यवहार इंग्रजीतच आहे. आमचा अनुभव असा की विषय मराठीतून समजून घ्यावा, मित्राला मराठीतून समजावून सांगावा आणि उत्तर इंग्रजीतून लिहावे. वर्षभरात अडचण निम्मी होते. एन.पी.टी.ई.एल.वर आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच शुल्क असते. लॅपटॉप नवा हवा असेही नाही. जुन्या यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून पहिली दोन वर्षे उत्तम निघतात.

खर्चाबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला लाखाच्या घरात जाते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व त्यावर उत्पन्न असल्यास राज्याची फ्रीशिप आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर. परंतु व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच झालेला असावा लागतो. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली की हा लाभ गेला. "जागा पक्की करून देतो, फेरीची वाट कशाला पाहता?" असे सांगणारा मध्यस्थ ही गोष्ट कधीच सांगत नाही. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर समाज कल्याण विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत राहण्या-जेवणाचा खर्च थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर रक्कमही अडकून राहते. परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती व केंद्राची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. देशातच एम.टेक. करायचे तर गेट परीक्षेत पात्र ठरून प्रवेश घेतल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून त्या परीक्षेचा विचार करावा.

कागदपत्रांची एक अडचण खास आपल्या घरांतली आहे. १९९० मध्ये केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात समाविष्ट केले. तरी केंद्रीय संस्थांना दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो व त्यात अनुसूचित जातींच्या यादीतील जातीचे नाव असावे लागते. नुसते ‘नवबौद्ध’ लिहिलेला राज्याचा दाखला तेथे अडतो. एन.आय.टी.ची जागा मिळूनही मुलगी कागदासाठी तहसील कार्यालयात फेऱ्या मारीत बसली, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून दोन्ही नमुन्यांतले दाखले बारावीच्या वर्षातच काढून ठेवावेत. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्जही त्याच वर्षी महाविद्यालयामार्फत करावा. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून शोधाशोध करावी लागते आणि गावच्या शाळेची जुनी रजिस्टरे उन्हाळ्याच्या सुटीत सापडत नाहीत.

राहिला नोकरीचा प्रश्न. येथे आम्ही खोटी आशा दाखविणार नाही. पूर्वी मोठ्या कंपन्या महाविद्यालयात येऊन शेकड्यांनी मुले घेऊन जात. २०२३-२४ या वर्षात देशातील सर्वांत मोठ्या आय.टी. कंपन्यांची कर्मचारीसंख्या वाढण्याऐवजी घटली. २०२२ च्या अखेरीपासून प्रोग्रॅम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही सर्वांच्या हाती आली. ठरावीक साच्याचे काम कमी होत आहे, लिहून मिळालेल्या प्रोग्रॅममधली चूक ओळखणाऱ्याची गरज मात्र आहे. ती ओळखायला वर सांगितलेले डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, नेटवर्क हेच विषय लागतात. शिवाय संगणकाची पदवी म्हणजे आय.टी. कंपनीच असे नाही. बँकांतील आय.टी. अधिकारी, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, वीज कंपन्या, रेल्वे, सी-डॅक, तंत्रनिकेतनातील अधिव्याख्याता अशा जागा निघतात व त्यांच्या जाहिराती आपली मुले वाचीत नाहीत. मंडळाच्या वाचनालयात रोजगार वार्तेचे अंक येतात. गेल्या वर्षी त्यांतील बरेचसे घडी न मोडताच रद्दीत गेले.

निकाल लागल्यानंतरच्या पहिल्या दोन रविवारी सकाळी दहापासून आम्ही चौघे वाचनालयात बसणार आहोत. येताना गुणपत्रिका, सी.ई.टी.चा निकाल, उत्पन्नाचा व जातीचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक आणावे. पसंतीक्रम भरण्याआधी यावे, भरून झाल्यावर नव्हे. कारण शेवटच्या तारखेनंतर तो बदलता येत नाही आणि मग आमच्या हातातही काही उरत नाही.